देहबोली : कोणाची, आणि वाचणारे कोण?



गेल्या वर्षी ताडीवाला रोडच्या आमच्या अभ्यासिकेत आम्ही मुलामुलींचे मॉक इंटरव्ह्यू घेतले. पॅनेलवर तिघं होतो. कंपन्यांत भरतीचं काम केलेले एक गृहस्थ, एक निवृत्त प्राध्यापक आणि मी. समोर बी.कॉम. झालेली एक मुलगी येऊन बसली. उत्तरं व्यवस्थित देत होती, पण आमच्याकडे बघत नव्हती. नजर टेबलावर, नाहीतर दाराकडे. माझ्या हातातल्या छापील कागदावर ‘आत्मविश्वास’, ‘नजर’, ‘बसण्याची पद्धत’ असे रकाने होते. आत्मविश्वासाला मी तिला दहापैकी तीन दिले.

नंतर चहाच्या वेळी मी तिला ताईपणाने सांगायला गेले, की अगं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं. ती म्हणाली, “ताई, मी बघतच होते. मी पत्ता सांगितला तेव्हा त्या सरांनी पेनाला टोपण लावलं, ते शेवटपर्यंत काढलंच नाही. तुम्ही दोनदा घड्याळ बघितलं. म्हातारे सर तेवढे ऐकत होते, म्हणून मी त्यांच्या हाताकडे बघून बोलत होते.”

मी त्या गृहस्थांचा कागद काढून बघितला. पत्त्याच्या पुढचे सगळे रकाने कोरे होते.

म्हणजे वीस मिनिटांत तिने आम्हा तिघांना पुरतं वाचलं होतं आणि मी, समाजशास्त्रात एम.ए. केलेली, वस्तीत दहा वर्षं काम करणारी बाई, तिला तीन गुण देऊन मोकळी झाले होते. हा लेख त्या तीन गुणांबद्दल आहे.

पुण्यात ‘व्यक्तिमत्त्व विकासा’चे वर्ग पैशाला पासरी आहेत. डेक्कनपासून हडपसरपर्यंत कुठेही जा, भिंतीवर एक तक्ता हमखास दिसतो : संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के. आपल्या मुलांना हे वेदवाक्य म्हणून शिकवलं जातं. (वेदवाक्य हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे.) हे आकडे आले कुठून? अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, एका प्रयोगात जोडीला चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. आपलं सूत्र सगळ्या संवादाला लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच पुढे स्पष्ट केलं. तक्ता मात्र भिंतीवरून उतरला नाही. खोटं बोलणारा माणूस हावभावावरून ओळखता येतो, हा दुसरा लाडका दावा. त्यावरच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा बाँड आणि डीपाउलो यांनी २००६ मध्ये घेतला. माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखतात, असं निघालं. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतंच.

मग प्रश्न असा पडतो, की शास्त्राचा आधार इतका लंगडा असूनही ‘माणूस बघितला की कळतो’ ही खात्री आपल्याकडे इतकी घट्ट कशी? माझं म्हणणं असं, की ही खात्री अमेरिकेहून आलेली नाही. आपल्या गावागावांत ती शतकानुशतकं अंमलात होती आणि पुणे शहरात तर तिला राजसत्तेचा पाठिंबा होता.

डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या जातीवरच्या पुस्तकात नोंदवलं आहे, की पेशव्यांच्या काळात महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत यायला मनाई होती. कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात, आणि लांब सावली कोणावर पडेल सांगता येत नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये याच राजवटीचे आणखी नियम सांगितले आहेत. अस्पृश्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हणजे चुकून कोणी शिवणार नाही. राजधानीच्या पुण्यात कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे मागे उमटलेली पावलं पुसली जातील. थुंकीसाठी गळ्यात मडकं.

हे आपण सभांमधून इतक्यांदा ऐकलं आहे, की आता ऐकून पुढे जातो. मडकं आणि झाडू आपल्या पोस्टरांवर असतात. काळ्या दोऱ्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला मात्र तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. झाडू आणि मडकं विटाळ रोखण्यासाठी होते. दोरा कशासाठी? ओळखण्यासाठी. आणि ओळखण्यासाठी दोरा का लागला? कारण नुसत्या देहाकडे बघून ओळखता येत नव्हतं! जात रक्तात असते, चेहऱ्यावर असते, चालण्यात असते, असं ज्यांचे ग्रंथ सांगत होते, त्यांना व्यवहारात सुताचा एक काळा तुकडा बांधून घ्यावा लागत होता. आपल्याच सिद्धान्तावरच्या अविश्वासाची याहून मोठी कबुली कोणती असेल?

दोरा, सावली, वाकलेली मान ही सगळी देहबोली हुकमाने लिहून घेतलेली होती. आधी शरीरावर अक्षरं उमटवायची आणि मग म्हणायचं, ‘बघा, हे लोक दिसतातच असे.’

ही अक्षरं चुकली तर काय होत होतं, ते पुण्यातल्याच एका शाळकरी मुलीने लिहून ठेवलं आहे. मुक्ता साळवे ही जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेतली मातंग समाजातली मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून एखादा मांग किंवा महार गेला, तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीने चेंडूसारखं खेळलं जाई, असं ती सांगते. गुलटेकडी म्हणजे आजचं मार्केट यार्ड. तिथे पहाटे कांद्याची पोती उतरवणाऱ्या हमालांत आपली माणसंही आहेत. पेशवाई जाऊन तेव्हा जेमतेम ३७ वर्षं झाली होती, म्हणजे मुक्ताच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी ते दिवस काढलेले होते. कुठल्या दारापुढून जायचं, कुठल्या वेळी, किती अंतरावर थांबायचं, समोरून येणाऱ्याची चाल बघून रस्ता कधी सोडायचा, हे सगळं त्यांना यावंच लागत असणार. न येणारा जगला नसता.

पेशवाई बुडाली म्हणून वाचणारे थांबले नाहीत. १८४८ साली जोतिराव एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत होते. कपडे, बोलणं, चालणं यांत काही वेगळं नव्हतं. वरातीतल्या कोणीतरी त्यांना माळी म्हणून ओळखलं आणि अपमान करून बाजूला केलं. इथेही शरीर काही बोललं नव्हतं, माहिती होती म्हणून ‘दिसलं’. पुढे इंग्रजी विद्वानांनी तर फूटपट्टीच हातात घेतली. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून सांगत होता, की नाक जितकं रुंद तितका माणसाचा सामाजिक दर्जा खाली. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात घुर्यांनी मांडलेली नाकांची हीच मापं घेतली आणि रिस्लेचा डाव त्याच्यावरच उलटवला : या शास्त्रावर विश्वास ठेवायचा असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. मोजणीचा हा सोस पुण्यातही होता. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीच्या असमतोलाचा वंशाशी संबंध आहे हे गुरूचं गृहीतक त्यांच्या मापांत टिकलं नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. त्यांच्या इतर मांडणीशी आपले मतभेद आहेत आणि राहतील, पण या धाडसाची नोंद घेतली पाहिजे.

आता बायकांकडे येते, कारण देहबोलीचा सगळ्यात बारीक हिशेब त्यांच्याकडून घेतला गेला. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. त्यांचं बालपण आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचं. त्या सांगतात, महाराच्या बाईने लुगड्याचे काठ दिसतील असं नेसायचं नाही. काठ निऱ्यांमध्ये दडवायचे. दुकानातून लुगडं तेच आणलेलं, काठही तेच विणलेले, पण काठ दिसणं हा वरच्या जातीच्या बाईचा हक्क. वाटेत वरच्या जातीचा माणूस आला तर बाजूला होऊन, डोक्यावर पदर ओढून, वाकून जोहार घालायचा. नव्याने लग्न होऊन आलेली एखादी पोर, अजून गावातली माणसंही न ओळखणारी, जोहार घालायला चुकली की तक्रार महारवाड्यापर्यंत यायची आणि शिक्षेचं भय अख्ख्या वस्तीला. ज्या मुलीला अजून सासरचा उंबरठा नीट पाठ झालेला नाही, तिने समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाची जात त्याच्या चालीवरून, पागोट्यावरून, धोतराच्या घोळावरून क्षणात ओळखायची. चुकली तर वस्ती भोगणार. आजच्या भाषेत या मुलीला काय म्हणतात? ‘संवादकौशल्यात कमकुवत’.

माझी आजी पुण्यात आली ती घरकामाला. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या घरची भांडी घासली. वाचता येत नव्हतं. पण नवीन काम धरायला गेली की परत येऊन ती घर कसं आहे ते सांगायची, आणि कधी चुकली नाही. एकदा मी विचारलं, तुला कसं कळतं? म्हणाली, “दार कोण उघडतं ते नाही बघायचं, केवढं उघडतं ते बघायचं.” चहाचा कप कोणत्या फळीवरून काढला, हातात दिला की ओट्यावर ठेवला, पैसे देताना बोटं किती वर धरली, गावाचं नाव विचारल्यानंतर पुढचा प्रश्न यायला किती वेळ लागला, हे सगळं तिच्या डोक्यात नोंदलेलं असायचं. त्या घरातल्या बाईला मात्र आजीचं आडनाव बारा वर्षांत माहीत झालं नव्हतं. वाचण्याची गरज कोणाला असते, ते यातूनच कळतं. ज्याची सत्ता आहे त्याला समोरच्याचं मन ओळखावं लागत नाही. तो विचारू शकतो, ओरडू शकतो, कामावरून काढू शकतो. अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०३ मध्ये हेच आपल्या समाजाबद्दल लिहिलं होतं : काळ्या माणसाला स्वतःकडे सतत गोऱ्याच्या डोळ्यांनीही बघावं लागतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं होतं, हे आपल्या अनेक कार्यकर्त्यांना माहीत आहेच.

बाबासाहेबांचं स्वतःचं बालपणही याच वाचनाने डागलेलं आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला मसूर स्टेशनचा प्रसंग आपण शाळेपासून ऐकतो. ऐकताना आपलं लक्ष बैलगाडीवर आणि पाण्यावर असतं. मी तो प्रसंग पुन्हा वाचला तो फक्त चेहरे शोधत. १९०१ च्या सुमाराचा काळ. साताऱ्याहून निघालेली पोरं खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांकडे चाललेली. अंगात नवे शर्ट, डोक्याला झगमगीत टोप्या, रेशीमकाठी धोतरं, पायात नवे बूट. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. या कपड्यांवरून आणि बोलण्यावरून पोरं ब्राह्मणाची आहेत, असंच त्याला वाटतं. म्हणजे वाचणारा सपशेल चुकलेला आहे. मग छोटा भीमराव खरं ते बोलून जातो, आणि मास्तरचा चेहरा एकदम बदलतो. तो उठून आपल्या खोलीत जातो. आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा. पोरं मात्र तीच, टोप्या आणि बूटही तेच.

नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलाने तो बदललेला चेहरा असा टिपला, की पस्तिसेक वर्षांनी लिहितानाही तो जसाच्या तसा उतरला. त्या एका रात्रीत तो पोरगा केवढं शिकला बघा. पुढे टोलनाक्यावर पाणी मागताना आपण मुसलमान आहोत असं सांगायचं, उर्दूत बोलायचं, हा सल्ला मिळाला आणि त्याने तो पाळलाही. पाणी तरीही मिळालं नाही.

बडोद्याचा प्रसंग तर सरळसरळ देह वाचण्याचाच आहे. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन करून आलेले बाबासाहेब पारशांच्या धर्मशाळेत उतरतात. रखवालदार वही घेऊन वर येतो तेव्हा त्यांनी कोट वगैरे उतरवलेला असतो. अंगात सदरा नाही, कमरेला कस्ती नाही. दोन्ही पारशी असल्याच्या खुणा. रखवालदाराचा आवाज तिथेच बदलतो. काळा दोरा असला म्हणून पुण्यात अडकणारा माणूस बडोद्यात दोरी नाही म्हणून अडकला. पारशी नाव लावून काही दिवस निघाले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला.

आणि पारधी, कैकाडी, टकारी या आपल्या भटक्या-विमुक्त भावंडांची गोष्ट याच धाग्यातली आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याची १९११ ची आवृत्ती. जन्मल्यापासून चोर, रोज हजेरी, सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. पण सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी बाईकडे बघणारा हवालदार आजही म्हणतो, ‘नजरेवरूनच कळतं.’

या सगळ्याला बाबासाहेबांनी दिलेलं उत्तर फक्त कायद्याचं नव्हतं. महाडला डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी, मनुस्मृतीचं दहन झाल्यावर, त्यांनी जमलेल्या बायकांसमोर वेगळं भाषण केलं. त्यात शिक्षण होतं, दारुड्या नवऱ्याला जेवायला न घालण्याचा सल्ला होता, आणि बराच भाग लुगड्याबद्दल होता. तुमची लुगडं नेसण्याची तऱ्हा हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसा, वरच्या वर्गाच्या बाया नेसतात तसं नेसा. गळ्यातल्या माळांची गर्दी, कोपरापर्यंतच्या कथलाच्या नाहीतर चांदीच्या पाटल्या-गोटांचा भार, ह्याही ओळखण्याच्या खुणाच आहेत, त्या टाका. हा त्या बोलण्याचा आशय. परिषदेतच अनेक बायकांनी नेसण्याची पद्धत बदलली.

काही पुरोगामी मित्र यावर नाक मुरडतात. म्हणतात, हे तर वरच्या जातींचं अनुकरण झालं, एम. एन. श्रीनिवास ज्याला संस्कृतीकरण म्हणतात ते. मला हे पटत नाही. अनुकरण करणाऱ्याला वरच्यांसारखं होऊन शिडीवर एक पायरी वर जायचं असतं, खालची पायरी दुसऱ्या कोणासाठी तरी तशीच ठेवून. महाडच्या बायकांनी काठ बाहेर काढले तेव्हा शिडीच वाचता येईनाशी झाली. सगळ्यांचेच काठ दिसायला लागले तर काठांवरून काय ओळखणार? बाबासाहेबांचा कोट-टाय हा त्याच कामाचा पुढचा भाग. देशाचे पुढारी पंचा नेसून गरिबाचं रूप घेत होते, तेव्हा ज्याच्या बापजाद्यांवर उघडं राहण्याची सक्ती होती तो माणूस तीन तुकड्यांचा सूट घालून गोलमेज परिषदेला गेला. आणि जोहारचं काय झालं ते तर आपण रोज अनुभवतो. कामठीच्या बाबू हरदास यांच्या पुढाकाराने ‘जय भीम’ रुजला. जोहारला कंबर वाकवावी लागायची, डोळे जमिनीवर. जय भीम म्हणायला मान ताठ लागते आणि समोरच्याकडे बघावं लागतं. शब्द बदलला, पण त्याआधी पाठीचा कणा बदलला, असं मला वाटतं.

मग आता अडचण काय आहे? अडचण अशी, की आपण जुन्या खुणा पुसल्या आणि व्यवस्थेने नव्या काढल्या. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश भरली. इथे तर देहच नव्हता, नुसता कागद होता. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं, की मुलाखतीत ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारण्याला ते किती महत्त्व देतात. चांगल्या घरातला मुलगा चांगला कर्मचारी होतो, हा त्यांचा प्रामाणिक समज. जात कोणीही विचारत नाही. वडील काय करतात, राहायला कुठे, घरी कोणती भाषा बोलता, एवढंच विचारतात, आणि मग बसण्या-बोलण्यावरून ‘कॉन्फिडन्स’ ठरवतात. एरवी गोड वाटणारा हा शब्द मला आता काळ्या दोऱ्यासारखा दिसतो.

आमच्या अभ्यासिकेतच यावर वाद झाला. एक कार्यकर्ता म्हणाला, “ताई, इतिहास ठीक आहे, पण पोराला नोकरी पाहिजे. डोळ्यांत बघायला शिकवा आणि विषय मिटवा.” त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मी स्वतः शिकवते. खुर्चीत कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, उत्तर देण्याआधी क्षणभर थांबलं तरी चालतं, हे सगळं शिकवते. महाडला लुगडं नेसायला शिकवणंही हेच होतं. पण शिकवताना मुलांना हे सांगितलं पाहिजे, की ही समोरच्याची भाषा आहे, पोट भरण्यासाठी शिकायची, जशी आपण इंग्रजी शिकतो. ती येत नाही म्हणजे तुझ्यात खोट आहे असं नाही. आणि दुसरं, ते जास्त अवघड आहे : ही भाषा शिकता शिकता आपणच दुसऱ्यांना तिने मोजायला लागतो. मी लागले होतेच की. कागदावर ‘आत्मविश्वास : ३’ लिहिणारा हात माझा होता.

संयुत्त निकायात कोसल देशाच्या पसेनदी राजाची एक गोष्ट आहे. श्रावस्तीला पूर्वारामात राजा भगवान बुद्धांजवळ बसलेला असताना समोरून जटाधारी, निर्ग्रंथ, नग्न, एकवस्त्री आणि परिव्राजक असे प्रत्येकी सात संन्यासी जातात. वाढलेली नखं, काखेत केस, खांद्यावर काठ्या. राजा उठतो, गुडघा टेकतो, हात जोडून तीनदा आपलं नाव सांगतो. मग परत येऊन विचारतो, जगात जे अर्हत आहेत त्यांच्यातले हे असतील ना? बुद्ध हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. तुझ्यासारख्या गृहस्थाला हे ओळखणं कठीण आहे, असं म्हणतात. माणसाचं शील त्याच्यासोबत राहिल्यावर कळतं, सचोटी त्याच्याशी व्यवहार केल्यावर, धीर संकटात, आणि शहाणपण त्याच्याशी चर्चा केल्यावर. तेही दीर्घकाळाने, लक्ष देणाऱ्यालाच, स्वतःला समज असेल तरच. यानंतर राजा जे सांगतो ते मला फार आवडतं. तो म्हणतो, भगवान, खरं तर हे माझे हेर आहेत. मुलखात फिरून माहिती काढून परत येत आहेत. आता धूळ धुतील, दाढी-केस नीट करतील, पांढरी वस्त्रं घालतील आणि मजा करतील.

राजाला सत्य माहीत होतं तरी त्याने गुडघा टेकला, कारण वेषाला नमस्कार करायची रीत होती. आणि बुद्धांनी एका दृष्टिक्षेपात माणूस ओळखण्याचा चमत्कार करून दाखवला नाही. सोबत राहा, व्यवहार करा, संकटात बघा, बोला, असे वेळखाऊ मार्ग सांगितले. वीस मिनिटांच्या मुलाखतीत यातलं एकही होत नाही. चर्चा होऊ शकली असती. पण चर्चेला पेनाचं टोपण काढलेलं असावं लागतं.

त्या गृहस्थांना मी टोपणाची गोष्ट सांगितली. आधी हसले. मग बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मला खरंच आठवत नाही.” माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मास्तरालाही आपला चेहरा बदललेला कळला नसेल. ते अजून आमच्याकडे येतात.

छापील कागद आम्ही बदलला. आत्मविश्वासाचा रकाना काढला, पत्ता आणि वडिलांचा व्यवसाय काढला. पॅनेलवर आता वस्तीतली, आधी मुलाखत देऊन गेलेली एक व्यक्ती असतेच. गेल्या महिन्यात त्या खुर्चीत तीच मुलगी बसली होती. समोर आलेला मुलगा सगळा वेळ पायांकडे बघून बोलत होता. माझं पेन कागदावर टेकलं होतं. तिने मध्येच विचारलं, “बूट लागतायत का?”

लागत होते. भावाचे होते, एक नंबर लहान. तिने काढून ठेवायला सांगितले, आणि मग तो आमच्याकडे बघून बोलायला लागला.